हँडल सांभाळणाऱ्या भाचीला

मसाले आणि लोणच्यांच्या कंपनीचं इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सगळंच तुझ्या हाती आलंय, आणि साहेबांनी बजावलंय की रोज एक पोस्ट गेलीच पाहिजे. अगं, रोज एक पोस्ट म्हणजे काम नव्हे, ती हजेरी झाली. आत्याचा जन्म जनसंपर्कात गेला म्हणून तू विचारलंस, तर सांगते. यातलं थोडं मला माझ्या वरिष्ठांनी सांगितलेलं आहे, बरंचसं मी दुसऱ्यांचे वाजलेले बारा बघून गोळा केलंय. क्रमबिम काही शोधू नकोस यात.

आधी वाच. पहिला पंधरवडा एक ओळ लिहिली नाहीस तरी कुणाचं काही अडणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या पानावर लोक फारसं खरं बोलत नाहीत. तिथे ‘मस्त’, ‘यम्मी’ आणि स्पर्धेत बक्षीस कधी मिळणार एवढंच असतं. खरं बोलतात ते ॲमेझॉनच्या रिव्ह्यूंत, डीलरच्या दुकानाखाली गूगल मॅपवर, फेसबुकवरच्या पाककृतींच्या ग्रुपांत, आणि दुसऱ्याच कुणी केलेल्या मिसळीच्या व्हिडिओखाली. तिथे एखादी बाई जाता जाता लिहून जाते, की यांचा कांदा-लसूण मसाला हल्ली पूर्वीसारखा लागत नाही. तिने कंपनीला टॅग केलेलं नसतं, त्यामुळे हे वाक्य तुझ्या कुठल्याही नोटिफिकेशनमध्ये येणार नाही. शोधताना देवनागरीत शोध, रोमनमध्ये शोध, चुकीच्या स्पेलिंगनेही शोध. ‘लोणचं’ आपली माणसं रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात ते एकदा बघच. एजन्सीचं सॉफ्टवेअर त्यातली एखादीच तऱ्हा पकडतं आणि महिनाअखेरीला ‘नकारात्मक उल्लेख नगण्य’ असा रंगीत तक्ता हातात ठेवतं.

आमच्या वेळी वाचायचं म्हणजे कात्रणं. सकाळी सगळे पेपर पुढ्यात घ्यायचे, क्लायंटचं नाव आलेली बातमी कापून कागदावर डकवायची आणि तिचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे. तेवढ्या जागेची जाहिरात कितीला पडली असती तो आकडा खाली लिहायचा, की क्लायंट खूश. बातमीत क्लायंटची खरडपट्टी काढलेली असली तरी सेंटिमीटर तेवढेच भरायचे, ही त्यातली गंमत. 2010 साली बार्सिलोनात जगभरच्या मोजमापवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं, की जाहिरातीच्या दराने काढलेली ही किंमत म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. तुमच्या पिढीने तीच मोजपट्टी ‘रीच’ आणि ‘इम्प्रेशन’ अशी नावं देऊन पुन्हा काढली आहे. साहेब रीच विचारतील, तो दे. त्याच कागदावर न विचारता आणखी दोन आकडे लिहीत जा: किती लोकांनी काही विचारलं, आणि त्यातल्या किती जणांना उत्तर मिळालं. पहिल्या महिन्यात दुसरा आकडा बघून तुलाच लाज वाटेल. वाटू दे.

लोकांच्या आपसातल्या गप्पांना मी एवढं महत्त्व का देते, त्यासाठी अमेरिकेतल्या क्रिप्टोनाइट कुलपांची गोष्ट ऐक. सायकलीला लावायची इंग्रजी यू आकाराची जाडजूड कुलपं, महागडी आणि नावाजलेली. सप्टेंबर 2004मध्ये एका सायकलवाल्याने इंटरनेटवर सांगितलं, की हे कुलूप साध्या बिक बॉलपेनच्या नळीने उघडतं. कुणीतरी व्हिडिओ केला, तंत्रज्ञानाच्या ब्लॉगांनी उचलला, आणि काही दिवसांत ते न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेलं. कंपनीला अखेर कुलपं बदलून द्यावी लागली. हा दोष काही नवा नव्हता. 1992 साली ब्रिटनमधल्या एका सायकलींच्या मासिकात तो छापून आला होता, आणि तेव्हा काहीही झालं नाही. कुलूप तेच, पेनही तेच. फरक एवढाच, की 1992च्या वाचकाने मासिक मिटून ठेवलं आणि 2004च्या वाचकाने घरातलं पेन घेऊन स्वतःच्या कुलपावर प्रयोग केला आणि जगाला सांगितलं. हे मनात पक्कं धर. तुमच्या कारखान्यात जे वर्षानुवर्षं ‘चालतंय’, ते लोकांना ठाऊक नसतं असं नाही. ते अजून कुणी मोबाइलसमोर करून दाखवलेलं नसतं, एवढंच.

आता वेळेचं. आमच्याकडे संकट पेपरच्या वेळेने यायचं. रात्री वार्ताहराचा फोन आला, की सकाळपर्यंत चार माणसं बसून मजकूर ठरवता यायचा. तुमच्याकडे ते शनिवारी दुपारी येतं, साहेब महाबळेश्वरला असतात तेव्हा. जॉन्सन अँड जॉन्सनचंच बघ. 1982 साली शिकागोत त्यांच्या टायलेनॉल गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं गेली. कंपनीने 3 कोटींहून जास्त बाटल्या बाजारातून परत घेतल्या, उघडपणे बोलली, आणि आजही जनसंपर्काच्या वर्गात तो धडा म्हणून शिकवतात. मीही तोच शिकले. त्याच घराण्याच्या मोट्रिन या वेदनाशामक गोळीची एक जाहिरात नोव्हेंबर 2008मध्ये गाजली. बाळाला झोळीत अंगाशी बांधून फिरण्याची फॅशन आहे आणि त्याने आईची पाठ दुखते, असा खट्याळ सूर होता तिचा. जाहिरात काही आठवडे तशीच पडून होती. मग एका शनिवार-रविवारी ट्विटरवरच्या आया खवळल्या, ब्लॉग लिहिले गेले, यूट्यूबवर निषेधाचे व्हिडिओ आले. कंपनीने जाहिरात काढून माफी मागितली, पण तोवर सुट्टीचे ते दोन दिवस बायकांनी एकमेकींशीच बोलून काढले होते. 1982 साली ज्यांनी जगाला धडा घालून दिला, त्यांचीच ही दुसरी परीक्षा होती. पहिलीत प्राण गेले होते, दुसरीत फक्त मनं दुखावली होती. तरी दुसरीचं वेळापत्रक त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणून शांत दिवस बघून साहेबांकडून तीन गोष्टी लिहून घे. सुट्टीच्या दिवशी ॲप्रूव्हल कुणाचं? तो फोन उचलत नसेल तर दुसरा कोण? आणि कुणालाही न विचारता तू स्वतः काय लिहू शकतेस? या तिसऱ्यासाठी दोन ओळींचा मजकूर आधीच ठरवून ठेव, ज्याला आम्ही होल्डिंग स्टेटमेंट म्हणायचो: आम्ही हे पाहिलं आहे, तपास चालू आहे, अमुक वाजता पुढचं सांगू. आणि जी वेळ दिलीस त्या वेळेला सांगायला काही नसलं, तरी ‘अजून तपास चालू आहे’ हे सांगायला ये. लोक उशीर खपवून घेतात. वेळ देऊन गायब होणं खपवून घेत नाहीत.

उशिराचीच आणखी एक गोष्ट डॉमिनोज पिझ्झाची. एप्रिल 2009मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका दुकानातल्या दोन कर्मचाऱ्यांनी पदार्थांशी किळसवाणे चाळे करतानाचा व्हिडिओ टाकला. हे दुकान नक्की कुठलं, ते शोधायला एका ग्राहक-ब्लॉगच्या वाचकांनीच हातभार लावला. व्हिडिओतल्या बारीकसारीक खुणांवरून त्यांनी गाव काढलं. कंपनीच्या अमेरिकेतल्या अध्यक्षांचा माफीचा व्हिडिओ यायला दोनेक दिवस गेले, तोवर मूळ व्हिडिओ दहा लाखांवर गेला होता. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. जिथे आग लागली तिथेच पाणी टाकायचं. यूट्यूबवरच्या गोष्टीला उत्तर यूट्यूबवर, पेपरात नाही. आणि चिडलेल्या गर्दीतही आपल्याला मदत करणारे असतात, फक्त त्यांच्याशी बोलायला हँडलवर कुणीतरी जागं लागतं.

रोजच्या तक्रारींचं मात्र नीट ऐक, कारण तुझं नव्वद टक्के आयुष्य त्यातच जाणार आहे.

समज, एका बाईंनी लिहिलं की कैरीच्या लोणच्याची बरणी पार्सलमधून आली आणि तेल सगळं खोक्यात. तू काय लिहिशील? ‘प्रिय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य मी सरकारी बसस्टँडवर वाचलंय, बँकेत वाचलंय, टेलिफोनच्या बिलावर वाचलंय. ते वाचून कुणाचा राग उतरलेला मी पाहिला नाही. त्यापेक्षा लिही: ‘अहो, तेल सगळं सांडलं म्हणजे लोणचं वायाच गेलं. बरणीवरचा बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख यांचा फोटो मेसेजमध्ये पाठवाल का? दुसरी बरणी पाठवतो, आणि झाकणाचं पॅकिंगवाल्यांना आजच कळवते.’ ताईंनी मराठीत लिहिलं तर मराठीत, रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिलं तर तसंच. त्यांनी मराठीत रागवायचं आणि आपण इंग्रजीत नम्र व्हायचं, हे मला आजवर पटलेलं नाही. ‘अहो-जाहो’ सोडू नकोस, समोरचा कितीही ‘अरे-तुरे’वर आला तरी.

पहिलं उत्तर चारचौघांत दे, पुढचा तपशील मेसेजमध्ये घे. उलटं केलंस तर बाकीच्यांना वाटतं की कुणी उत्तरच दिलं नाही. फोन नंबर किंवा पत्ता उघड कमेंटमध्ये कधी मागू नकोस. कंपन्यांच्या नावाची बनावट ‘कस्टमर केअर’ खाती अशा तक्रारींवर टपूनच असतात. तुझ्याआधी तीच त्या बाईंना मेसेज करतील, लिंक पाठवतील, खातं रिकामं करतील, आणि शिव्या तुमच्या लोणच्याला पडतील. कमेंट पुसायच्या असतील तर शिवीगाळ, जातीधर्मावरून काढलेली गरळ आणि कुणाचा खासगी नंबर एवढ्याच पूस, आणि हा नियम पानावर लिहून ठेव. तक्रार पुसलीस तर तिचा स्क्रीनशॉट आधीच कुठल्यातरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलेला असतो. एकाच माणसाला तिसऱ्यांदा उत्तर द्यावंसं वाटलं की ऊठ आणि चहा पिऊन ये. तिसरं उत्तर त्याच्यासाठी नसतं, ते आपल्या अहंकारासाठी असतं.

सगळंच काही तक्रारींतून शिकायचं असं नाही, थट्टेतूनही शिकता येतं. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर पुण्याने आणि पुण्याबाहेरच्यांनी किती विनोद केले ते तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणी ते मनावर घेऊन खुलासे काढले असते. त्यांनी तसलं काही केलं नाही. विनोद फिरत राहिले, नाव तोंडी राहिलं, आणि 2017 साली त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा तीच मोठी बातमी झाली. एवढी प्रसिद्धी एजन्सीला पैसे देऊन मिळाली नसती. तुमच्या मसाल्याच्या तिखटपणावर मीम आलं तर हसून शेअर कर.

मुखवट्यांबद्दल मी जरा कडक आहे. 2006 साली अमेरिकेत एक जोडपं गाडीतून देशभर फिरत होतं, रात्री वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मुक्काम करायचं आणि तिथले कामगार किती सुखी आहेत ते ब्लॉगवर लिहायचं. मग बाहेर आलं, की त्यांच्या प्रवासाचा खर्च वॉलमार्टची पाठराखण करणारी एक संघटना करत होती आणि त्यामागे एडेलमन ही जगातली एक बडी जनसंपर्क कंपनी होती. या धंद्यात पारदर्शक कसं वागावं याचे नियम लिहिणाऱ्यांत एडेलमनही होती, हे त्यातलं बोचरं. कंपनीच्या प्रमुखाला स्वतःच्या ब्लॉगवर माफी मागावी लागली. माझं म्हणणं असं, की ते जोडपं खोटं लिहीत होतं असंही नाही. भेटलेले कामगार कदाचित खरंच समाधानी असतील. पण पैसे कुणाचे ते लपवलं, त्यामुळे खरं लिहिलेलंही खोट्यात जमा झालं.

तेव्हा साहेबांनी सांगितलं की ऑफिसातल्या सगळ्यांनी ॲमेझॉनवर पाच-पाच तारे द्या, तर तू नाही म्हण. आत्याचं नाव सांग हवं तर. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यावर भारतीय मानक ब्युरोने 2022 साली मानकच काढलंय. इन्फ्लुएन्सरचं तर त्याहून पक्कं आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे म्हणजे ‘आस्की’चे नियम जून 2021पासून लागू झाले, आणि जानेवारी 2023मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने आपले काढले. पैसे, फुकट वस्तू, हॉटेलात राहणं, काहीही घेतलं असेल तर ‘जाहिरात’ किंवा तत्सम शब्द सहज दिसेल असा हवा, वीस हॅशटॅगांच्या रांगेत लपवलेला चालणार नाही. आस्कीच्या त्या नियमांत तर 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तो शब्द निदान 3 सेकंद दिसला पाहिजे इतकं बारीक लिहिलं होतं. फसव्या जाहिरातीला 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. आणि हा दंड फक्त रीलवालीला नसतो, कंपनीलाही होऊ शकतो.

इन्फ्लुएन्सर निवडताना फॉलोअर किती ते शेवटी बघ. आधी तिच्या कमेंटी वाच. सोलापूरची एखादी बाई शेंगाचटणी करून दाखवते, खाली लोक विचारतात ‘ताई, लसूण कच्चा की भाजून?’, आणि ती प्रत्येकाला उत्तर देते. तिचे दहा हजार बघणारे तुझ्या कामाचे. लाखो फॉलोअर आणि खाली नुसते बदाम आणि ज्वाळा, तिथे पैसे टाकू नकोस. आणि बोलणी तोंडी ठेवू नकोस. किती रील, किती दिवस पानावर ठेवायची, तिच्या रीलमधला तुकडा कंपनी जाहिरातीत वापरणार की नाही, हे सगळं लेखी हवं. वर्षभरात एकाला 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू धंद्यापोटी भेट गेल्या, तर जुलै 2022पासून त्यावर 10 टक्के टीडीएसचा नियम लागू आहे. मिक्सर पाठवून मोकळं होण्याआधी अकाउंट्सवाल्यांना विचार, मग ते तुला शिव्या देणार नाहीत. तिने मसाला आवडला नाही असं सांगितलं, तर पैसे देऊन तिचं मत बदलू नकोस. तो करार तिथेच संपव आणि तिचं म्हणणं मसाला दळणाऱ्याला सांग.

वकिलाची नोटीस हा साहेबलोकांचा आवडता उपाय. तो त्यांच्या तोंडी आला, की ही गोष्ट त्यांना ऐकव. 2003 साली गायिका बार्बरा स्ट्राइसँड यांनी एका छायाचित्रकारावर 5 कोटी डॉलरचा दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची झीज दाखवायला त्याने काढलेल्या हजारो फोटोंत एकात त्यांचा बंगला आला होता. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यात दोनदा खुद्द त्यांच्या वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोक तिथे गेले. दावाही फेटाळला गेला. आपल्याकडे एप्रिल 2023मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस धाडली, त्यांनी व्हिडिओ काढला, माफी मागितली. तिथे संपायला हवं होतं ना? उलट तिथून सुरू झालं. ज्यांनी मूळ व्हिडिओ पाहिला नव्हता, त्यांनी नोटिशीची बातमी वाचून तो शोधला. त्याच महिन्यात बालहक्क आयोगाने कंपनीला विचारणा केली, वर्षअखेरीला कंपनीने साखर कमी केली, आणि 2024मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रांगेत ठेवू नका. टीका खोटी असेल तर कायदा आहेच, वापरावा. पण टीका करणाऱ्याने पाकिटावर छापलेलंच वाचून दाखवलं असेल, तर वकील काय करणार?

तुमचा धंदा मसाल्याचा, म्हणून हे खास तुझ्यासाठी. एप्रिल 2024मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा खात्याला एमडीएच आणि एव्हरेस्ट यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं, सिंगापूरने एव्हरेस्टचा एक फिश करी मसाला परत मागवायला लावला. अशी बातमी आली, की ज्यांचं नावही त्यात नाही त्यांच्या पानावरही लोक विचारणारच. तेव्हा तुझ्या उत्पादनवाल्यांना हसून ‘आपल्याकडे सगळं नियमानुसार’ असं लिहायला सांगू देऊ नकोस. मे-जून 2015मधलं मॅगीचं प्रकरण आठव. शिशाच्या आणि एमएसजीच्या बातम्या रोज येत होत्या आणि कंपनीचे खुलासे तांत्रिक भाषेत येत होते. पाकिटावरच्या ‘नो ॲडेड एमएसजी’ या ओळीवरच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बोट ठेवलं होतं. कंपनीचे जागतिक प्रमुख दिल्लीत पत्रकारांसमोर बसले तो दिवस 5 जूनचा, आणि बंदीचा आदेशही त्याच दिवशीचा. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली, म्हणजे कायद्याच्या लढाईत कंपनी टिकली. पण जूनमध्ये आया विचारत होत्या एकच: आज मुलाला देऊ की नको? त्या प्रश्नाला परिशिष्टासकट दिलेलं उत्तर हे उत्तर नव्हे. तू आत्ताच प्रयोगशाळेचे रिपोर्ट मागवून ठेव. कुठली प्रयोगशाळा, कुठल्या बॅचची चाचणी, तारीख काय, आणि साध्या मराठीत निकाल काय. लागेल तेव्हा तासाभरात टाकता आलं पाहिजे.

काही वेळा चूक तुमची नसतेच. 2017 साली स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी फिरली, आणि संतापलेल्या आपल्या देशबांधवांनी मोबाइलमधून स्नॅपडील काढून टाकलं. 2019मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीचा राग मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलवर निघाला, बिचाऱ्या हिशेबाच्या ॲपला एकेक तारा. अशा वेळी एकदा, फक्त एकदा, हसत सांगायचं की ते आम्ही नव्हे, आणि दोन दिवस गप्प बसायचं.

मोबाइलचं एक सांगते आणि पुढे जाते. कंपनीचं खातं आणि तुझं खातं एकाच ॲपमध्ये ठेवू नकोस, शक्य असेल तर एकाच फोनमध्येही नको. फेब्रुवारी 2011मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या हँडलवरून बिअर पिऊन झिंगण्याबद्दलचं ट्वीट गेलं. कर्मचाऱ्याला ते स्वतःच्या खात्यावर टाकायचं होतं. रेड क्रॉसने ते पुसलं, आम्ही शुद्धीत आहोत अशा अर्थाची कोटी केली, आणि त्या बिअरच्या चाहत्यांनी उलट देणग्या दिल्या. पुढच्याच महिन्यात क्रायस्लर मोटार कंपनीच्या हँडलवरून डेट्रॉइटमधल्या लोकांना गाडी चालवता येत नाही असं शिवीसकट गेलं. तेही एजन्सीतल्या माणसाच्या हातून, चुकीच्या खात्यावर. त्या वेळी क्रायस्लर डेट्रॉइटचा अभिमान विकत होती. माणसाची नोकरी गेली, एजन्सीचं कामही गेलं. चूक तीच होती. एका संस्थेकडे लोकांच्या सदिच्छेची शिल्लक होती, दुसरीने नेमक्या ज्या गोष्टीवर जाहिरात उभी केली होती तिच्यावरच घाव बसला. आणि पासवर्ड, दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो, हे सगळं कंपनीच्या नावे लिहून ठेव. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या सिमवर ओटीपी जातोय आणि दिवाळीची जाहिरात अडलीय, असं होतं बरं का.

शेवटी आतलं काम. मला हेच खरं काम वाटतं, आणि हे तुझ्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसणार. 2005 साली जेफ जार्विस नावाच्या अमेरिकन पत्रकाराने डेलचा लॅपटॉप आणि त्यांची सेवा यांवर आपल्या ब्लॉगवर आग पाखडली. खाली शेकडो लोकांनी आपापली रड ओतली. ब्लॉग वाचायचे पण उत्तर द्यायचं नाही, असंच तेव्हा डेलचं धोरण होतं. कंपनी उशिरा का होईना वळली. जुलै 2006मध्ये तिने स्वतःचा ब्लॉग काढला, आणि जपानमध्ये पेटलेल्या लॅपटॉपचा फोटो जगभर फिरत होता तेव्हा त्याविषयी आपल्याच पानावर लिहिलं. पुढच्याच महिन्यात डेलने सोनीच्या बनावटीच्या 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्यानंतर 2007मध्ये लोकांकडून सूचना मागवायला वेगळी जागाच उघडली. बाहेर कुणी छान ओळी लिहिल्या म्हणून डेल सुधारली नाही. बाहेरचं बोलणं आतल्या इंजिनिअरपर्यंत आणि खरेदीवाल्यापर्यंत पोचायला लागलं म्हणून सुधारली.

तर दर सोमवारी एक कागद कर. एकच पान. आठवड्यातल्या पाच तक्रारी, लोकांच्याच शब्दांत, तू त्यांचं शुद्धलेखनसुद्धा दुरुस्त करायचं नाही. प्रत्येकीपुढे बॅच नंबर. एक प्रत पॅकिंगच्या सुपरवायझरला, एक खरेदीवाल्याला, एक साहेबांना. साहेबांना ई-मेल करू नकोस, छापून टेबलावर ठेव, चहाच्या वेळी. पहिले काही सोमवार कुणी बघणार नाही. मग एक दिवस सुपरवायझर विचारेल, ही बरणी गळतीवाली बाई अजून लिहिते का गं? तिथून पुढे तुझं बस्तान बसलं असं समज. झाकण बदललं, की ती कमेंट शोध आणि तिच्याखालीच लिही, ‘ताई, अमुक बॅचपासून झाकण बदललंय, नवी बरणी पाठवू का?’ साहेबांना लगेच त्याची पोस्ट करून बूस्टला पैसे लावावेसे वाटतील. लावू देत. फक्त त्या बाईंना आधी विचार.